आधी गाडीचा सातबारा बघा

दुपारची कामं उरकली असतील. कुणाच्या पुढ्यात निवडायचे तांदूळ असतील, कुणी शिवणयंत्रावर असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण बोलणार आहोत जुनी मोटारसायकल घेण्याविषयी. साधी गावातल्या गावात फिरायची नाही, तर रोज ७०-८० किलोमीटर माल घेऊन पळणारी, लांब पल्ल्याची गाडी. ती रास्त भावात कशी घ्यायची आणि त्यात फसायचं कसं नाही, ते सांगते. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एकदा चांगलीच फसले, म्हणून शिकले.

मी मसाले आणि पापड घेऊन आठवडी बाजार करते. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, सांगोला अशी माझी फेरी असते. एसटीत दोन पोती चढवायची म्हणजे रोजची हुज्जत, आणि परतीची एसटी चुकली की वडापवाल्याची वाट बघत फाट्यावर अंधार व्हायचा. म्हणून गटातून २५,००० रुपये कर्ज काढलं आणि १२५ सीसीची एक जुनी गाडी घेतली, २४,००० रुपयांना. तशा गाडीचा भाव तेव्हा ३५,००० च्या आसपास होता. मला वाटलं, नशीब उघडलं. विकणाऱ्यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, नोटरीचा शिक्का मारून दिला. मी तो कागद देव्हाऱ्यापाशी जपून ठेवला.

पाचव्या महिन्यात बाजाराला जाताना दोघांनी गाडी अडवली. गाडीवर फायनान्सचं कर्ज होतं, हप्ते थकले होते. त्यांनी कागद दाखवला आणि गाडी नेली. माझी पोती रस्त्याच्या कडेला आणि मी त्यांच्या शेजारी. विकणाऱ्याचा फोन बंद. गटाचा हप्ता मात्र चालूच होता. गाडी नाही आणि हप्ता आहे, असे पुढचे १४ महिने काढले. गटातल्या एकाही बाईनं मला बोल लावला नाही, पण बैठकीला जाताना माझी मान वर होत नव्हती.

स्टॅम्प पेपर म्हणजे मालकी नव्हे

आता मला सांगा, आपण जमीन घेतो तेव्हा काय करतो? आधी सातबारा काढतो. नाव कुणाचं, बोजा कुणाचा, हे बघतो. व्यवहार झाल्यावर फेरफार करून आपलं नाव चढवतो. नुसत्या नोटरीवर कुणी एकर घेईल का? मग गाडीच्या बाबतीत आपण तसं का वागतो?

गाडीचा सातबारा म्हणजे आरसी, नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड. आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. नोटरीचा कागद व्यवहाराचा पुरावा म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्यानं गाडी आपल्या नावावर होत नाही. नाव चढतं ते आरटीओ कार्यालयातच.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी फोनवर फक्त गाडीचा नंबर मागा. एम-परिवहन ॲपवर तो नंबर टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत चालेल, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे दिसतं. आपल्याला येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. नंबर द्यायलाच जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारी जाऊ नका.

मूळ आरसी हातात घेऊन पाच गोष्टी बघा.

पहिली, नाव. समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच आहे ना? आधार कार्ड मागून जुळवा. ‘माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, तो पुण्याला असतो’ असं म्हणाला, तर मेव्हणा आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक वारला असेल, तर आधी वारसाचं नाव लागलं पाहिजे. त्यासाठी आरटीओचा नमुना ३१ असतो. मगच वारस ती गाडी आपल्याला विकू शकतो.

दुसरी, बोजा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, तसा आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा चढतो. त्याला हायपोथिकेशन म्हणतात. माझ्या पहिल्या गाडीवर ही ओळ होती. मी ती वाचली नव्हती. कर्ज फिटलं असं विकणाऱ्यानं तोंडी सांगून चालत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा नमुना ३५ हवा. ते आरटीओत दिल्यावर बोजा उतरतो. बोजा उतरवून द्या, मग व्यवहार करू, असं सरळ सांगा.

तिसरी, चासी नंबर आणि इंजिन नंबर. चासीचा नंबर बहुतेक गाड्यांना हँडलच्या खाली, मानेपाशी कोरलेला असतो. इंजिनचा नंबर इंजिनवर असतो. फडक्यानं पुसून एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. खरवडलेला, घासलेला, वरखाली झालेला दिसला तर गाडी चोरीची असू शकते. तिथून निघा.

चौथी, मुदत. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पुन्हा करावी लागते, हरित करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते यावरून कळतं.

पाचवी, दंड. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेले दंड दिसतात. ते विकणाऱ्यानं भरायचे.

सीमेवरच्या मैत्रिणींनी आणखी एक लक्षात ठेवावं. कर्नाटकची गाडी स्वस्त दिसते, पण ती इकडे आणायला तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे नमुना २८, लागतो आणि महाराष्ट्रात नव्यानं रस्ता कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई संपते.

हौसेची गाडी, कामाची गाडी

गटाचं कर्ज फिटल्यावर मी दुसरी गाडी शोधायला लागले. या वेळी आधी विचार केला, मला गाडी कशासाठी हवी? रोजचं अंतर लांब, वाटेत घाट, मागे दोन पेट्या. लांब पल्ल्याच्या गाडीची बैठक रुंद असते, पाठ सरळ राहते, इंजिन भार ओढून तापत नाही. पण ती जड असते आणि पेट्रोल जास्त पिते. स्प्लेंडरसारखी १०० सीसीची गाडी ११० किलोच्या आसपास असते, ३५० सीसीची बुलेट १९० किलोच्या आसपास. बंद पडली तर ढकलायची आपल्यालाच आहे. ज्यांचं काम दहा-पंधरा किलोमीटरचं आहे, त्यांना १०० सीसीची गाडी किंवा स्कूटरच बरी.

मी बजाजची ॲव्हेंजर २२० घेतली. तिची बैठक जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे मोटारसायकलींमध्ये बरीच खाली असते. माझी उंची पाच फूट एक इंच. दोन्ही पाय सपाट टेकतात. इंजिन पल्सरच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक तालुक्याला मिळतो. गाडी विकत घेण्याआधी तुम्हीसुद्धा हे करून बघा. वर बसून पाय टेकवा, स्टँडवरून काढा, दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे स्वतः ढकला. घरातल्या माणसानं चालवून बघितली म्हणजे तुम्हाला जमेल असं नाही.

अशा मोठ्या गाड्या जुन्या बाजारात रास्त मिळतात, त्याला कारण आहे. त्या बऱ्याचदा हौसेनं घेतलेल्या असतात. लग्नाआधी पोरगा घेतो, चार सहली करतो. मग संसार लागतो, मूल होतं, गाडी शेडमध्ये उभी राहते. पेट्रोल जास्त लागतं म्हणून रोजच्या वापराला नको असते, म्हणून गिऱ्हाईकही कमी असतं. मी घेतलेली गाडी २०१६ च्या दसऱ्याला घेतलेली होती आणि नऊ वर्षांत जेमतेम ९,००० किलोमीटर फिरली होती.

पण हौसेच्या गाडीचे दोन दोष असतात. एक म्हणजे बदल. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, वेगळं हँडल, जादा दिव्यांसाठी कापलेली वायरिंग. असला सायलेन्सर पोलीस काढायला लावतात आणि कापलेली वायर वर्षभर त्रास देते. मूळ भाग असतील तरच बोलणी करा. दुसरा दोष उभं राहण्याचा. उभी गाडी आतून खराब होते. टाकीत गंज धरतो, कार्ब्युरेटर चिकटतो, बॅटरी मरते, रबर कडक होतं. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ते वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीच्या टायरवर ३६१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा ३६ वा आठवडा. नक्षी चांगली असूनही मी दोन्ही टायर बदलले. भार लादून घाट उतरताना नऊ वर्षांच्या टायरवर भरवसा ठेवायचा नसतो.

सकाळी जा, उजेडात जा

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर इंजिनजवळ हात न्या. गरम लागलं तर समजा, सकाळी सुरू होत नव्हती म्हणून आधीच तापवून ठेवलीय. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली पाहिजे.

मग धूर बघा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघाली तर काळजी नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बहुधा दुरुस्त होतं. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. ते काम मोठ्या खर्चाचं.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागे करता येतो. त्यापेक्षा पाय ठेवायची रबरं, ब्रेकचा खटका, हँडलची मूठ बघा. मीटर १५,००० सांगतंय आणि रबरं गुळगुळीत झालीत, तर कुणीतरी खोटं बोलतंय.

पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ आहे का, बघा. पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मधे अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. गाडीच्या मागे बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. मानेजवळ नवं वेल्डिंग किंवा वेगळा रंग दिसला तर मोठा अपघात झालेला असू शकतो. अशी गाडी फुकट दिली तरी नको.

पुरातल्या गाड्याही बाजारात फिरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला. तेव्हा कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. धुऊन पुसून त्या नव्यासारख्या दिसतात. सीट काढून खालच्या फटीत बोट फिरवा, हेडलाइटच्या आत बघा. गाळाचा थर किंवा वायरींच्या जोडांवर हिरवट गंज दिसला, तर ओळखा.

शेवटी चालवून बघा. गिअर सगळे पडतात का, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असं होतं का? तसं होत असेल तर क्लच प्लेटा गेल्यात. मात्र चालवायला गिअरच्या गाडीचा परवाना हवा. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा परवाना फक्त बिनगिअरच्या स्कूटरचा असतो. तो मोटारसायकलीला चालत नाही. आधी परवाना, मग गाडी.

आणि मेकॅनिक आपला न्या. दोन-तीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवा. विकणाऱ्यानं बोलावलेला मेकॅनिक विकणाऱ्याचंच बोलतो.

भाव कसा ठरवायचा

आता सगळ्यांना आवडणारी गोष्ट, भाव. विकणारा सांगतो तो भाव नसतो, ती त्याची इच्छा असते. आपल्याला मोजायला फूटपट्टी हवी.

पहिली फूटपट्टी नव्या गाडीची आजची किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचाही भाव उतरायला हवा. ‘मी इतक्याला घेतली होती’ हे त्याचं गणित, आपलं नव्हे.

दुसरी फूटपट्टी विम्याची. विमा कंपन्या गाडीची किंमत वयाप्रमाणे कमी धरतात. दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे शोरूमला ९०,००० ची गाडी पाच वर्षांची झाली की ४५,००० धरतात. बाजारभाव थोडा इकडेतिकडे होतो, पण बोलायला आधार मिळतो. पाच वर्षांपुढे मात्र घासाघीसच.

तिसरी फूटपट्टी आपल्या वहीतली. गाडी घेतल्यावर लगेच काय खर्च येणार, ते मेकॅनिकला विचारून लिहून काढा. माझ्या वहीत असं होतं. दोन टायर ५,०००. बॅटरी १,६००. चेन-स्प्रॉकेट २,०००. कार्ब्युरेटर, ऑइल, सर्व्हिसिंग १,५००. विमा २,०००. नवी नंबरप्लेट ५५०, कारण १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते. नाव लावण्याचा खर्च ८५०. बेरीज १३,५००.

तो ५२,००० मागत होता. मी भांडले नाही, वही पुढे केली. म्हटलं, दादा, धडधाकट गाडी ५२,००० ला मिळते, ही धडधाकट व्हायला १३,५०० लागतात, बघा तुम्हीच. ३९,००० ला सौदा झाला. सगळं धरून ५२,५०० मध्ये गाडी रस्त्यावर आली. आणि तुम्हाला सांगते, २४,००० वाली गाडीच मला आयुष्यात सगळ्यात महाग पडली.

वेळ बघूनही भाव बदलतो. उसाची बिलं आली की, दसरा-पाडव्याला मागणी वाढते. पितृपंधरवड्यात गाडी घ्यायला कुणी फिरकत नाही, तेव्हा विकणारा नरम असतो. माझा सौदा त्याच पंधरवड्यात झाला. सासूबाई कुरकुरल्या. म्हटलं, आत्याबाई, पितरांना कर्जबाजारी सून आवडेल की हिशेबी?

पैसे आणि नाव बरोबरच

बयाणा हजाराच्या वर देऊ नका, पावती घ्या. बाकी पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, म्हणजे पुरावा राहतो. ज्या दिवशी पैसे, त्याच दिवशी नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या. २९ म्हणजे त्यानं गाडी विकल्याची खबर, ३० म्हणजे नाव बदलायचा अर्ज. कोऱ्या नमुन्यावर सही घेऊ नका आणि देऊही नका. आता अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरतात आणि ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाईलवर येतो. म्हणून त्याला समोर बसवूनच अर्ज भरा. मी २,००० रुपये नाव लागेपर्यंत राखून ठेवले होते. तसं लिहून घेतलं होतं. त्यामुळे त्याचा फोन कधी बंद लागला नाही.

मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या ताब्यात घ्या. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. तो न दिल्यास आपल्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाईला अडचण येते.

ज्या मैत्रिणी गाडी विकणार आहेत, त्यांनीही ऐका. गाडी गेली, पैसे आले, विषय संपला असं नसतं. अपघात झाला तर कायद्याच्या दृष्टीनं मालक कोण? ज्याचं नाव नोंदणीवर आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी पुढे चौघांच्या हातून फिरली होती, तरी जबाबदारी पहिल्या, नोंदलेल्या मालकावर आली. म्हणून विकणारीनं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्यानं नाव लावलं की नाही, याची चौकशी करायची.

आणि शेवटची गोष्ट. आपल्याकडे गाडी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर घ्यायची पद्धत आहे. गटाचं कर्ज तुम्ही काढणार, हप्ता तुम्ही फेडणार, बाजाराला तुम्ही जाणार. मग नाव तुमचंच लावा. माझ्या आरसीवर माझं नाव आहे. ते कार्ड आलं तेव्हा मी पुढच्या बैठकीत सगळ्यांना फिरवून दाखवलं.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटात कुणाकुणाच्या घरी गाडी आहे, त्या सगळ्या आरसी घेऊन बसा आणि मोठ्यानं वाचा. नाव कुणाचं, बोजा आहे का, मुदत कधी संपते. दोन-तीन घरांत तरी काहीतरी निघेल. निघालं तर वेळीच निघालं म्हणा.

हेल्मेट घाला, मागे बसणारीलाही द्या. आणि बाजारात माझी गाडी दिसली तर हाक मारा. येते आता. नमस्कार.